पोटॅशियम चौदा, प्रकृती उत्तम

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४५

आजपासून रोज पहाटे पाचला उठायचं. (आजचं पावणेसात धरू नये. पहिला दिवस.)

कारण लिहून ठेवतो. लॅबमध्ये सहायक टेक्निशियनची जागा निघाली आहे. डॉक्टर मॅडमनी काउंटरवरच्या आम्हा दोघांना बोलावून सांगितलं की चोवीस तारखेला क्लिनिकल बायोकेमिस्ट्रीची लेखी परीक्षा, चाळीस मार्कांची. ज्याला जास्त मार्क मिळतील त्याला आत घेणार, पण किमान वीस हवेत. आत म्हणजे काचेच्या दाराच्या आत. मी अकरा वर्षं त्या दाराच्या बाहेर बसून लोकांच्या हातात लघवीची डबी देतोय आणि बाथरूम डावीकडे आहे असं सांगतोय. आता बस झालं.

दुसऱ्या उमेदवार म्हणजे शेजारच्या खिडकीवरच्या बाई. घरी दोन पोरं, येण्याजाण्यात दीड तास. बिचाऱ्यांना अभ्यासाला वेळ कुठून मिळणार? अडलं तर मला विचारा म्हटलं. नको म्हणाल्या. स्वाभिमानी आहेत.

४ मार्च

पांढरा कोट शिवायला टाकला. शिंप्याने विचारलं, खिशावर नाव घालू का? म्हटलं, घाल, आणि खाली हुद्दाही घाल.

बायकोने विचारलं की परीक्षेच्या आधीच कोट कशाला. तिला प्रत्येक गोष्टीत क्रम लागतो.

६ मार्च, गुरुवार

पुस्तक उघडलं. सहाशे बारा पानं. रोज पंचवीस पानं वाचली तर पंचवीस दिवसांत संपतं. परीक्षा अठरा दिवसांवर. पण शेवटची शंभर पानं नुसती सूचीच असते, आणि बाकीच्यात आकृत्या पुष्कळ आहेत. म्हणजे वेळ उरणारच.

आज प्रस्तावना झाली. लेखकाने बायकोचे आभार मानले आहेत, तिने तीन वर्षं आवाज न करता घर चालवलं म्हणून. ते पान उघडं ठेवून टेबलावर ठेवलं. बायकोने त्यावर निवडलेली भाजी ठेवली.

८ मार्च

प्रगती जोरात. हल्ली माणूस काउंटरला आला की चेहऱ्यावरूनच अंदाज येतो. आज एका गृहस्थांना पावती देताना सांगितलं की तुमचं लिव्हर तपासून घ्या, डोळे पिवळट दिसतात. ते घाबरून खुर्चीत बसले. मग कळलं की ते टायर दुरुस्तीचं बिल द्यायला आलेले होते.

मॅडमनी आत बोलावलं. म्हणाल्या, काउंटरवरून निदान करायचं नाही. म्हणजे निदानाबद्दल त्यांची तक्रार नव्हती, जागेबद्दल होती. ती तर मी बदलणारच आहे.

१० मार्च

सासऱ्यांचे पाय सुजलेत. ते दोन वर्षांपासून आमच्याकडे असतात. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली, त्यामुळे अजूनही औषधाच्या बाटलीवरचा मजकूर पेन्सिल घेऊन वाचतात. त्यांच्या डॉक्टरांनी किडनीच्या तपासण्या लिहून दिल्या: क्रिएटिनिन, पोटॅशियम, कॅल्शियम आणि सोबत रक्ताची साधी तपासणी. बायको काळजीत आहे. तिची आई किडनीनेच गेली. दोन दिवस धड जेवलेली नाही.

मी म्हटलं, घरात अख्खी लॅब असताना काळजी कसली? ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. विश्वास असाच शांत असतो.

१२ मार्च

अभ्यासाची नवी पद्धत काढली. पुस्तकातलं महत्त्वाचं पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहायचं आणि सासऱ्यांनी प्रश्न विचारायचे. त्यांचा वेळ जातो, माझा अभ्यास होतो. त्यांच्यावर उपकारच आहेत म्हणायचे.

आज नळ्यांचा धडा घेतला. रक्त कुठल्या झाकणाच्या नळीत घ्यायचं हे ठरलेलं असतं. पिवळं झाकण: यात रक्त गोठू द्यायचं, मग वरचं पाणी तपासायचं. किडनी, पोटॅशियम, कॅल्शियम सगळं यातून. जांभळं झाकण, साध्या तपासणीसाठी: यात आधीच एक औषध घातलेलं असतं, पोटॅशियमचा क्षार. तो रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही. आधी पिवळी भरायची, मग जांभळी.

सासऱ्यांनी जांभळ्याचं कार्ड पाच वेळा म्हणवून घेतलं. पाचही वेळा न अडखळता म्हटलं. ते म्हणाले, जावईबापू, पाठांतर चांगलं आहे. इतकंच म्हणाले. पण मला त्यातून कौतुक कळलं.

१४ मार्च, शुक्रवार

लॅबमधल्या जुन्या टेक्निशियनना सगळे दादा म्हणतात. त्यांनी मला रबरी हातावर रक्त घ्यायचा सराव करू दिला. तिसऱ्या वेळी जमलं. दादा म्हणाले, आणखी महिनाभर रबरी हातच बरा. दादांना नवीन लोकांची भीती वाटते. साहजिक आहे.

निघताना एक सिरिंज आणि दोन नळ्या खिशात टाकल्या. आता सराव खऱ्या हातावर.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ८.१५

सासऱ्यांचं रक्त मीच घेतलं. बायको आंघोळीला गेलेली असताना.

पहिल्यांदा शीर सरकली. दुसऱ्यांदा मी सरकलो. तिसऱ्या वेळी रक्त आलं. त्या आनंदात जांभळी नळी हाताला लागली, ती रेषेच्या वरपर्यंत भरून टाकली. पिवळीत जेमतेम बूड झाकलं गेलं आणि शीर बंद. सासरे म्हणाले, आता पुरे, आणि दुसरा हात पाठीमागे नेला.

अशा वेळी माणसाची खरी परीक्षा असते. मी जांभळीतलं थोडं रक्त पिवळीत ओतलं. रक्त तेच, माणूस तोच. वाया काहीच नाही. हे पुस्तकात नाही, हे अनुभवाने येतं.

त्याच दिवशी. दुपारी १.३५

नळ्या दादांना दिल्या. दादा म्हणाले, पिवळीतलं रक्त गोठत का नाहीये? म्हटलं, माणूसच हट्टी आहे. दादांनी नळी फिरवून मशीनला लावली आणि डबा घेऊन जेवायला गेले.

मी आत डोकावलो. स्क्रीनवर आकडे आले होते. अजून मॅडमची सही व्हायची होती, त्याशिवाय रिपोर्ट बाहेर जात नाही.

पोटॅशियम १४.२. असायला हवं साडेतीन ते पाच. कॅल्शियम ३.१. असायला हवं साडेआठच्या वर. पुस्तक उघडलं. लिहिलंय की पोटॅशियम सातच्या वर गेलं तर हृदय कधीही थांबू शकतं.

तीच ओळ पुन्हा वाचली. हा माणूस रोज सकाळी माझ्या चहावर बशी झाकून ठेवतो, मी उशिरा उठतो म्हणून. दोन वर्षांत एकदाही बोलून दाखवलेलं नाही. स्क्रीनचा प्रिंट काढला. घरी निघालो.

संध्याकाळी ६.००

जमेल तितकं नीट लिहितो.

घरी पोचलो तेव्हा सासरे स्टुलावर चढून बल्ब बदलत होते. मी दारातूनच ओरडलो की हळूच खाली उतरा, अजिबात जोर लावू नका. ते दचकले आणि पडता पडता वाचले. बायकोला आकडे सांगितले. ती मटकन खाली बसली. मग उठून वडिलांच्या पायाशी बसली आणि त्यांचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन रडायला लागली. आईच्या वेळी मी जवळ नव्हते, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी सगळी सूत्रं हातात घेतली. ॲम्ब्युलन्स बोलावली. मेहुण्याला फोन केला की असशील तसा नीघ, तो चार तासांच्या अंतरावरून गाडी घेऊन निघाला. बायकोच्या दोन मावशांना कळवलं, त्या रिक्षाने लगेच आल्या. शेजारचे चौघे आपोआप आले. सासऱ्यांना सोफ्यावर आडवं केलं. ते म्हणाले, बरं वाटतंय. मी सगळ्यांना हळू आवाजात सांगितलं की शेवटी शेवटी असंच वाटतं.

ॲम्ब्युलन्समधली नर्स आली. तिने छातीला वायरी लावून हृदयाची पट्टी काढली. पट्टी बघितली, माझ्या हातातला कागद बघितला, पुन्हा पट्टी बघितली. म्हणाली, पट्टी तर उत्तम आहे, पण असे आकडे असलेला माणूस मी अजून जिवंत बघितलेला नाही. मी म्हटलं, बघा, मी सांगतच होतो.

तेवढ्यात सासऱ्यांनी चष्मा मागितला. शेवटची इच्छा म्हणून बायकोने लगेच दिला. त्यांनी कागद घेतला, खिशातून पेन्सिल काढली आणि दोन आकड्यांना गोल केला. मग मला विचारलं की जांभळ्या झाकणाच्या नळीत काय असतं.

अशा प्रसंगीही मी डगमगलो नाही. म्हटलं, पोटॅशियमचा क्षार, तो कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही. खणखणीत.

मग त्यांनी विचारलं की सकाळी पिवळी नळी कशी भरली.

मी सांगितलं.

नर्स खिडकीबाहेर बघायला लागली, तिचे खांदे हलत होते. धाकट्या मावशी म्हणाल्या, म्हणजे भावजींना काहीच झालेलं नाही? सासरे म्हणाले, प्रुफात चूक आहे, मूळ प्रत ठीक आहे. आणि उठून अर्धवट राहिलेला बल्ब लावायला गेले.

त्याच वेळी मॅडमचा फोन. त्यांनी स्क्रीनवर आकडे बघताच रिपोर्ट अडवला होता. तो प्रिंट कुणी काढला एवढंच विचारलं.

बायको तोंड धुऊन आली आणि जमलेल्या सगळ्यांना चहा दिला. मला सोडून.

१६ मार्च, रविवार

सासऱ्यांचं रक्त दादांनी पुन्हा घेतलं. एकाच टोचण्यात. पोटॅशियम ४.४, कॅल्शियम ९.२, किडनी व्यवस्थित. त्यांचे डॉक्टर म्हणाले, सूज बीपीच्या गोळीने येते, गोळी बदलू. बायको आज पोटभर जेवली.

खरं म्हणजे मी एवढी धावपळ केली म्हणूनच हे सगळं दोन दिवसांत मार्गी लागलं. हे घरात कुणी मान्य करत नाही. मेहुणा अजून इथेच आहे. माझ्याशी बोलत नाही, माझ्या खुर्चीत बसतो.

१७ मार्च

मॅडमनी सगळा प्रकार स्टुला-बल्बासकट ऐकून घेतला आणि चांगलीच खरडपट्टी काढली. सुयांच्या कपाटाला कुलूप लागलं. मात्र परीक्षेला बसायला हरकत नाही म्हणाल्या. आशा आहे.

खिडकीवरच्या बाई रद्द फॉर्मच्या पाठीमागे काहीतरी लिहीत असतात. बहुतेक किराणा.

२१ मार्च, शुक्रवार

पान १३८. अजून तीन दिवस आहेत.

२४ मार्च. संध्याकाळी

परीक्षा झाली. उत्तम गेली. सातवा प्रश्न दहा मार्कांचा होता: एका रुग्णाचं पोटॅशियम १४.२ आणि कॅल्शियम ३.१ आलं आहे, रुग्ण स्टुलावर उभा राहून बल्ब बदलतो आहे. तुम्ही काय कराल?

प्रश्न कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. आत्मविश्वासाने लिहिलं. सर्वप्रथम रुग्णाला न दचकवता स्टुलावरून खाली उतरवावं. मग ॲम्ब्युलन्स बोलवावी. नातेवाइकांना कळवावं, पण चारपेक्षा जास्त नको. पुढचं पुरवणीत लिहिलं.

बाईंनी त्या प्रश्नाला दोनच ओळी लिहिल्या. मला त्यांची कीव आली.

२८ मार्च

बाई ३४. मी १६.

सातव्या प्रश्नाला दहापैकी दोन मिळाले. मॅडमनी लाल शाईने लिहिलंय: दोन मार्क न दचकवता उतरवण्याबद्दल. बाईंच्या दोन ओळी त्यांनी मला वाचायला दिल्या. पहिली: जांभळ्या नळीतलं रक्त पिवळीत गेलं असावं, रुग्ण ठीक आहे. दुसरी: नमुना पुन्हा घ्यावा आणि नळ्या कुणी भरल्या ते विचारावं.

हे मला येत होतं. पाच वेळा न अडखळता म्हटलेलं आहे. मग तिथे बसून ते का सुचलं नाही, हे मला खरंच कळत नाही.

सोमवारपासून बाई आत. मी बाहेर, दोन्ही खिडक्यांवर.

२९ मार्च

कोट तयार आहे म्हणून शिंप्याचा फोन आला. मी उचलला नाही. संध्याकाळी बायकोच जाऊन घेऊन आली. खिशावरचा हुद्दा तिने ब्लेडने उसवला. नाव राहू दिलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच आपणहून बोलली. म्हणाली, घालून तर बघा. घातला. खांद्यात बरोबर बसतो.

३० मार्च, रविवार. सकाळी ७.४०

उठलो तर टेबलावर चहा, त्यावर बशी. पलीकडे सासरे बसलेले, डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. समोर माझी पुठ्ठ्याची कार्डं रांगेत लावून ठेवली होती.

म्हणाले, सहा महिन्यांनी आणखी एक जागा निघणार आहे, त्यांनी मॅडमना फोन करून विचारलंय. मॅडमनी सुयांचं कुलूप काढलं की त्यांचा हा हात माझ्या हवाली. कितीही टोचलं तरी बायकोला सांगणार नाहीत. मी खुर्ची ओढून समोर बसलो. म्हटलं, बाबा, मी तुम्हाला त्या दिवशी मारायलाच निघालो होतो. ते म्हणाले, नाही, रडवायला निघाला होतात, आणि ते माझ्या मुलीला, म्हणून आता नीट शिका.

फक्त एक अट. कुठली नळी आधी भरायची ते न बघता सांगायचं.

कार्डं त्यांनी उलटी केली. मी डोळे मिटले. सगळा अभ्यास डोळ्यांसमोर उभा राहिला. ठामपणे म्हटलं, जांभळी.

डोळे उघडले तेव्हा ते बाही खाली ओढून मनगटाचं बटण लावत होते. म्हणाले, आधी चहा घ्या, गार होतोय, मग पुन्हा विचारतो.