बदकाचा आवाज

बुधवार, २५ जून

लाडक्या चिंगीस,

ताईचे आशीर्वाद. एरवी अनेक पाठवते, या खेपेला थोडे हातचे राखले आहेत. का, ते पुढे कळेलच.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भावोजींचा खोकला थांबला, बोलणं चालूच आहे. कारखान्यात तुला आता खेळण्यांचे डोळे रंगवायला बसवलं, हे वाचून बरं वाटलं. तुझा हात पहिल्यापासून हलका. तुझं सगळंच पहिल्यापासून छान, असं लोक मला सांगत असतात.

बालवाडीचं नवीन वर्ष सुरू झालं आणि आमच्या डोक्याचा पार भुगा झाला. यंदाचे ठोकळे भलतेच भांडखोर निघालेत. धाकट्यावर थोरला ठेवला की खालचा "अगं माझी पाठ!" म्हणून बोंब मारतो, आणि पोरं मुद्दाम थोरलाच वर ठेवतात. भोवरा एकदा सुटला की डबे खायच्या सुट्टीपर्यंत थांबायचं नाव घेत नाही. मोठ्या बाई म्हणतात, "खेळण्यांना शिस्त लावा, मुलं आपोआप शिकतील." एकदा भोवऱ्याने त्यांना वर्गभर पळवलं पाहिजे, मग कळेल.

आपल्या ढमीलाही यंदा आईच्याच, म्हणजे माझ्याच वर्गात घातलं. सोबत बुचाची एक छोटी बाटली पाठवते आहे. कशाला, ते सांगते. जरा दमाने सांगू दे.

माझं काम तुला ऐकून माहीत आहे, बघितलेलं नाही. तुमच्या कारखान्यातून खेळणी झोपलेलीच येतात. नवीन मूल आपलं एक खेळणं निवडतं. मी मुलाचा तळवा खेळण्याच्या पोटावर ठेवते, कपाळावर फुंकर घालते, की ते जागं होतं आणि बोलतं. मूल घाबरलं की ज्याच्या कुशीत शिरतं, त्याच्या आवाजात बोलतं. पदरचं एक अक्षर घालत नाही. त्या माणसाने त्या मुलाला जे जे सांगितलं असेल तेवढंच, पण वेळ बघून.

बहुतेकांची खेळणी आईच्या आवाजात बोलतात, एखाद्याचं आजोबांच्या. मागच्या वर्षी डॉक्टरीणबाईंच्या मुलाचा हत्ती त्यांच्या ड्रायव्हरच्या आवाजात म्हणाला, "बाळराजे, आता हॉर्न पुरे." बाई तिथेच रडायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं, "मनाला लावून घेऊ नका, मुलाला माणूस मिळालं हे महत्त्वाचं" असं समजावलं, आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन पोट धरधरून हसले. आता हसायची पाळी त्यांची आहे.

ढमीने तू पाठवलेलं पिवळं बदक निवडलं. मी तिचा हात ठेवला, फुंकर घातली. अख्खा वर्ग बघत होता. एरवी न फिरकणाऱ्या मोठ्या बाई नेमक्या तेव्हा दारात. बदकाने मान हलवली आणि तुझ्या आवाजात म्हणालं, "उठली का माझी राणी?"

हुबेहूब तू. शेवटचं ते नाकातलं हसूसुद्धा तुझंच.

मी टाळ्या वाजवल्या. काय करणार? ढमी तर आनंदाने उड्या मारत होती. मोठ्या बाई गोड हसून म्हणाल्या, "मावशी वाटतं?" असं वाटलं, भोवरा घ्यावा आणि सोडावा यांच्या अंगावर.

आधी वाटलं, तूच कारखान्यात काहीतरी लबाडी केलीस. मग म्हटलं, तिला लबाडीची गरजच काय? कारखान्यात जाण्याआधी तू आमच्याकडे होतीस ती दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांची खेळणी जागी करायला बाहेर पडायचे तेव्हा ढमी झोपलेली असायची. डोळे उघडायची तेव्हा समोर तू. संध्याकाळी मी यायचे ती घसा बसवून, आणि "हात धू, पसारा आवर" एवढंच बोलायला आवाज उरलेला असायचा.

माय मरो पण मावशी जगो, असं म्हणतात. इथे माय धडधाकट आहे, चार वेळा खायला घालते आहे, आणि पोरगी घास घेण्याआधी बदकाकडे बघते. बदक "एक घास मोठ्या मुलीचा" म्हणतं, मग तोंड उघडतं. माझ्या हातचा घास, तुझ्या आवाजाने आत जातो! परवा मी ओरडले तर ढमी बदकाच्या कानाशी लागली, "मावशे, आई चिडली." बदक म्हणालं, "चिडू दे हं, दमलीये ती." मला कीव नको होती, चिंगे. बदकाची तर नकोच नको.

मी त्याला कपाटावर टाकलं. तर तिथून तुझा लपाछपीतला आवाज, "शोधा बघू मी कुठेय!" तुझ्या भावोजींना हसू आवरेना. "अगं, घरात मेव्हणीचा आवाज आहे, बरं वाटतं," म्हणाले. त्यांचा खोकला परत यावा असं मी मनापासून मागितलं.

तर बाटलीचं असं. खेळण्याचा आवाज एकदा बदलता येतो. ज्याचा आवाज आहे त्याने बाटलीत फुंकर घालायची, "सोडला" म्हणायचं आणि बूच लावायचं. ती फुंकर खेळण्यावर सोडली की ते झोपतं. पुन्हा जागं केलं की सुटलेला आवाज काही परत येत नाही, त्याच्या खालच्याचा नंबर लागतो. तो माझाच असेल, एवढी आशा आहे. तुला काय, एक फुंकर. माझं मूल आहे ते, चिंगे. मला माझ्या मुलीच्या बदकातून बोलायचं आहे.

शुक्रवार

इथवर लिहून पत्र पाकिटात घातलं होतं. काल बाहेर काढलं. फाडणार होते, पण तुला कळू दे तुझी ताई काय चीज आहे ते.

काल भोवरा बालवाडीच्या गच्चीवर पळाला. त्याला पकडून निघेपर्यंत अंधारून आलं. ढमीला शेजारच्या काकूंनी आधीच आपल्या घरी नेलं होतं. जिना चढता चढता तिचं रडणं ऐकू आलं. "आई येतच नाहीये, आई हरवली." मी पाऊल उचललं, आणि वरून तुझा आवाज आला. झालं, पोचली माझ्याआधी, असं म्हणत मी तिथेच पाय रोवून उभी राहिले.

बदक म्हणत होतं, "येतेय गं राणी. आई येतेय. जिन्यात असेल बघ. गप्प राहून ऐक हं, आईची चप्पल वाजते का?"

ढमी गप्प झाली, ऐकायला. आणि मी मधल्या पायरीवर ठोंब्यासारखी उभी, तुझा हेवा करत!

मग उरलेल्या पायऱ्या चपला आपटत चढले. काकू ओरडल्या, "अगं हळू, जिना पडेल!" ढमीने दार उघडलं, म्हणाली, "वाजली!" आणि बदक खाली टाकून माझ्या कमरेला बिलगली.

चिंगे, हे वाक्य तू तिला किती संध्याकाळी सांगितलंस? आज मी बदकाला पुढ्यात घेऊन बसले. ढमीला म्हटलं, खोटंखोटं घाबर. तिने घाबरून दाखवलं. मला ऐकायचं होतं, तू तिला "मी आहे ना" कधी म्हणालीस का. बदकाला ते येतच नाही. येतं ते फक्त "आई येतेय".

माझा हेवा गेला असं लिहिलं तर खोटं होईल. उलट वाढलाय. आधी नुसत्या आवाजाचा होता, आता तुझ्या मनाचाही आहे. सकाळी "उठली का माझी राणी" ऐकलं की अजून बदकाला कपाटावर टाकावंसं वाटतं. म्हणून बाटली पाठवतेच आहे. ती माझ्या हाताशी नको, तुझ्याकडेच ठेव, बूच न काढता. सुट्टीत येशील तेव्हा मी ती फुंकर मागेन, मला माझी खात्री आहे. रडेन, भांडेन, लहानपणीचं उकरून काढेन. देऊ नकोस.

हातचे राखलेले आशीर्वाद आता सगळे घे.

चप्पल वाजवत वर आलेली,
तुझी ताई