शेवटची ओळ मोकळी सोडावी

५ जानेवारी, सोमवार

नवी वही, नवं घर, नवी नोकरी. जुना फक्त मी. सकाळी नात आणि मी दोन ट्रंका आणि पुस्तकांचं एक खोकं घेऊन उतरलो. विद्यापीठाच्या मैदानाला लागून प्रेक्षकांची गॅलरी आहे, तिच्या पोटात आमची खोली. डोक्यावर छत असं नाहीच, उलटा जिना आहे. पलंगापाशी नातीला वाकून उभं राहावं लागतं. मला लागत नाही, मी आधीच वाकलेला. खिडकीतून सगळं मैदान दिसतं. तांबूस मातीचा ट्रॅक, त्याच्या आत हिरवळ, दोन टोकांना दोन गोलपोस्ट आणि पलीकडे ग्रंथालयाची लांबलचक इमारत. चौथीच्या पुस्तकातलं रंगीत चित्रच उघडून ठेवलंय जणू.

नातीला इथे प्रवेश मिळाला तो पळण्याच्या जोरावर. चारशे मीटर तिची शर्यत. तिचे आईबाप बदलीच्या गावी, आणि मी घरात भिंतींना कविता म्हणून दाखवणारा. विद्यापीठाला मैदानाची आखणी आणि देखभाल करायला माणूस हवा होता. लेक फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही जाच, तुमचंही मन रमेल आणि पोरीवर कुणाची तरी नजर राहील. एकतीस वर्षं मी शाळेत भाषा शिकवली, पण दर हिवाळ्यात क्रीडास्पर्धेच्या रेघा माझ्याच हातच्या असत, कारण खेळाच्या मास्तरांच्या हातून त्या नागमोडी यायच्या. परिसर विभागाच्या साहेबांनी विचारलं, या वयात जमेल का? म्हटलं, साहेब, जन्म समास आखण्यातच गेला. ते मनापासून हसले.

७ जानेवारी

कामाला लागलो. माझ्या आधी इथे होता त्याला सगळे फक्कीअण्णा म्हणतात. किल्ल्या, फक्कीचं यंत्र आणि एक नोंदवही ठेवून तो निवृत्त झाला. यंत्र म्हणजे बाबागाडीसारखी चाकांवरची पेटी. ढकलत गेलं की खालच्या फटीतून पांढरी भुकटी पडत जाते. हळू चाललं तर ढीग होतो, घाई केली तर रेघ विरते. चाल एकसारखी राहावी म्हणून मी माझी जुनी युक्ती काढली. लहानपणी पाठ केलेली होडीची कविता मनात म्हणायची, एका चरणाला चार पावलं. दहा कडव्यांची ती कविता चार वेळा म्हटली की बरोबर एक फेरी होते.

लेन आठ आहेत, पण अण्णाच्या पुसट रेघा मोजल्या तर त्याही आठच. शेवटच्या लेनला बाहेरची रेघच नाही, माती तशीच गवतात मिसळते. आठ घरं आखायला रेघा नऊ लागतात हे दुसरीतलं पोरही सांगेल. मी नववी ओढली. मागे सरून पाहिलं तेव्हा मैदान शुद्धलेखन तपासून झाल्यासारखं दिसत होतं.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर अण्णाने पुढच्या माणसासाठी सूचना लिहून ठेवल्या आहेत. गवत बोटभर ठेवावं. जाळ्यांच्या गाठी महिन्याने तपासाव्यात. संध्याकाळी ट्रॅकवरून लोखंडी जाळी ओढून माती सारखी करावी. शेवटची सूचना दोनदा अधोरेखित आहे: शेवटची ओळ मोकळी सोडावी. वाचून अगदी भरून आलं. मीही मुलांना हेच सांगायचो, पानाच्या तळाची ओळ कोरी ठेवा रे, पानालाही श्वास लागतो. मैदानावर माती तुडवत आयुष्य काढलेल्या माणसाला ही नजर असावी! नोंदवहीत रोज तळाची ओळ कोरी ठेवतो आहे.

१२ जानेवारी

हळूहळू सगळ्यांची ओळख झाली. हिरवळीचं काम बघणारी माळीणबाई तोंडाने फटकळ आहे. माझ्या रेघा बघून म्हणाली, गुरुजी, आमच्या धन्याचा भांग कधी इतका सरळ नव्हता, आणि आता तर भांग पाडायलाच काही उरलं नाही. कोचच्या तोंडात कायम शिट्टी असते, म्हणून पोरं त्यालाच शिट्टी म्हणतात. नातीची धाव बघून तो मला म्हणाला, आजोबा, ही पोर पळत नाही, मातीला गुदगुल्या करते. त्या वाक्याला मी मनातल्या मनात दहापैकी नऊ गुण दिले.

साहेबही चक्कर मारून गेले. महिनाअखेर बाहेरची समिती येणार आहे, इमारती, बागा, मैदानं सगळं बघायला. नवव्या रेघेपाशी थांबून ते म्हणाले, इतकी वर्षं काहीतरी खटकत होतं ते हेच. आता चित्राला चौकट आली.

१६ जानेवारी

काल संध्याकाळी नेहमीप्रमाणे जाळी ओढून माती सारखी केली होती. सकाळी आठव्या लेनमध्ये पावलांचे ठसे दिसले. अनवाणी पावलं, लहान, मोठी, म्हाताऱ्या माणसाची पसरट, सगळी एकाच दिशेने जाणारी. पुरी फेरी चालत गेलो. बाहेर पडलेलं एकही पाऊल सापडलं नाही. फक्की कुठे विस्कटलेली नव्हती. नववी रेघ जशीच्या तशी.

माळीणबाईला विचारलं. ती म्हणाली, मी दव पुसते, माणसं नाही मोजत. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, अण्णाच्या वेळी तिथे इतकी गर्दी नसायची.

तिला काय म्हणायचं होतं ते विचारायचं राहूनच गेलं.

१९ जानेवारी

आज फेरी पुरी व्हायला कविता सहा वेळा म्हणावी लागली. खोलीत येऊन कडवी मोजली तर सातच भरली. तीन कुठे गेली? पुस्तक काढून बघितलं. छापलेली होती. वाचली. होडी होती, पाणी होतं, मुलगा होता. पूर्वी इथे घसा दाटायचा.

पाय बधिर आहेत. थंडी असेल.

२२ जानेवारी

शिट्टीने आज नातीला आठव्या लेनमध्ये पळवलं. बाहेरचं वळण मोठं असतं, सवय हवी म्हणे. तिची वेळ अडीच सेकंदांनी उतरली. शिट्टी नाचायचाच बाकी होता. घड्याळ बिघडलंय म्हणून दुसरं आणलं, तर त्यातही तेच. पुन्हा पळवलं. पुन्हा पळवलं. ती दमलीच नाही.

रात्रीच्या जेवणाला विचारलं तर भूक नाही म्हणाली. आजोबा, तिथे पाय आपले वाटतच नाहीत, कुणीतरी सोबत पळवत नेतं, असं म्हणाली. आनंदाने म्हणाली असं लिहिणार होतो. पण तसं नव्हतं. नुसतं सांगितलं.

२४ जानेवारी

गवंडी आला आहे. साहेबांचा हुकूम आहे की नववी रेघ रोज पुसते आणि रोज ओढावी लागते, तर तिथे विटांची कड बसवून चुना मारा, समितीपुढे ठसठशीत दिसेल. संध्याकाळपर्यंत विटा सगळ्या मैदानाभोवती फिरून आपल्या आपल्याला येऊन मिळाल्या. गवंडी म्हणाला, गुरुजी, तुमची रेघ इतकी सुरेख होती की मला दोरी लावावी लागली नाही.

२७ जानेवारी

समिती आली. फोटो निघाले. साहेबांनी सर्वांदेखत माझी पाठ थोपटली. थोपटलेलं कळलं नाही, दिसलं.

दुपारी नातीच्या बुटातून रक्त ठिबकताना दिसलं. बुटाच्या तळातून खिळा टाचेत घुसला होता. त्यावर ती सकाळपासून पळत होती. मी पकडीने ओढून काढला. ती बघत होती, जणू शेजारच्या घरातलं कुणीतरी. आणि मीही बघत होतो. हीच पोर गुडघा खरचटला की माझ्या मांडीवर रडायची आणि माझेही डोळे भरायचे. आज भरले नाहीत. नोंद करून ठेवतो.

तिला सांगितलं, त्या लेनमध्ये जायचं नाही. तिने मान हलवली.

२८ जानेवारी

गेली.

२९ जानेवारी

फक्कीअण्णाला शोधत गेलो. दोन गल्ल्या पलीकडे राहतो. दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होता. त्याने पहिलंच विचारलं, शेवटची ओळ सोडता ना मोकळी? मी नोंदवही उघडून दाखवली. प्रत्येक पानाच्या तळाची ओळ कोरी.

त्याने चार पानं उलटली. मग इतका हसला की सून आतून डोकावली. मग हसू गेलं. म्हणाला, गुरुजी, तुमच्यात ओळ कागदावर असते. आमच्यात मातीत.

मग सांगितलं ते असं. मैदान व्हायच्या आधी तिथून पायवाट होती. चालणारे गेले, वाट बुजली, पण त्यांचं चालणं राहिलं. येतात, एक चक्कर घेतात, बाहेरच्या अंगाने निघून जातात. कुणाला काही करत नाहीत. आत यायला त्यांना कुठूनही येता येतं. जायला तेवढी एकच बाजू. म्हणून त्याने ती जन्मभर उघडी ठेवली. अडकले की काय करतात, असं विचारलं. तो म्हणाला, चालतात. थांबता येत नाही. आणि जिवंत माणूस सोबत घावला की त्याचं दुखणंखुपणं आधी काढून घेतात, म्हणजे तोही थांबत नाही.

मी म्हटलं, विटा घातल्या आहेत. त्याने वर्तमानपत्राची घडी केली. उलगडली. पुन्हा केली.

३० जानेवारी

साहेबांकडे गेलो. कड काढा म्हटलं. ते म्हणाले, गुरुजी, कल्पना तुमचीच, आता तुम्हालाच नको? अहवालाच्या मुखपृष्ठावर फोटो जाणार आहे. चहा पाजला. गरम होता की गार, सांगता येणार नाही.

लेकीचा फोन आला. बाबा, पोर बोलत का नाही, नुसती हं हं करते. मी हं म्हणालो.

३१ जानेवारी

ती सकाळी सहापासून आत. शिट्टीने शिट्टी वाजवली, मग ओरडला, मग आडवा उभा राहिला. बाजूने गेली. त्याचा चेहरा उतरला. डॉक्टरला बोलावतो म्हणून गेला, डॉक्टर आले, चौघांनी धरून खोलीत आणली. झोपेचं औषध दिलं. पलंगावर झोपली आहे.

पाय चालू आहेत.

होडीच्या कवितेतलं एकही कडवं आठवत नाही. होडी होती.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

मैदानाला सुट्टी. कुणी नाही. माझा डोळा लागला तेवढ्यात ती निघाली. पळते आहे. तिच्या मागे ठसे उठतात, तिचे नव्हेत. पुढेही उठतात.

पहार घेऊन जातो.

दुपार

पाच विटा निघाल्या. नखं गेली असावीत. माणूसभर वाट झाली.

गेले ते. दिसलं काहीच नाही. गवत वाकत गेलं, एकामागून एक, कुंपणापर्यंत आणि पलीकडे.

ती गेली नाही. ती वाटेकडे बघतच नाही —

आली. मनगट धरलं. माझ्या हाताला कळलं नाही, धरलं की नाही. गेली.

मोजायची फीत आहे. एक टोक कमरेला बांधलं, दुसरं बाहेर विटांखाली दाबलं. आत उतरून उभा राहतो. आली की विळखा घालून वाटेतून बाहेर ढकलायचं. वळणावर आहे. वही खिशात —

ऊन उतरतं आहे

निघाली. बाहेर गवतावर पडली. पाय धरून रडते आहे. आई गं, आई गं, मोठ्याने. म्हणजे दुखतंय. दुखतंय तिला. बरं झालं.

मी पण टेकलो. वही काढली. बरं वाटतंय. म्हणजे वाटत काही नाही.

अक्षर हलतंय. वारा नाही.

गोलपोस्ट गेला.

ती हाका मारते आहे. आजोबा थांबा, आजोबा थांबा. मी तर बसलो आहे.

ग्रंथालय गेलं. दुसरा गोलपोस्ट.

पुन्हा ती. वाटेपाशी उभी. पाय रक्ताळलेले, नीट टेकवत नाहीत. हात पुढे केला होता —

खाली बघितलं. पाय. माझेच असतील. ते —

गोलपोस्ट.

फीत कमरेला आहे अजून. विटांखालून सुटून मागे लोळते आहे, लांब.

ग्रंथालय. आता वळण. दिसली. ती आत येते आहे, एक पाय आत —

नको. बाळ, आत नको. फीत धर, बाहेरूनच, फी