यादीतलं तिसरं नाव

रविवार, ७ सप्टेंबर

उपासना नऊला सुरू झाली. सव्वादहाला आजाऱ्यांची यादी वाचली गेली. तिच्यात तिसरं नाव हिचं होतं, माझ्या बायकोचं.

हिला पुरून उद्या तीन आठवडे होतील.

चूक माझीच. अकरा वर्षं ही यादी मी लिहितो. शनिवारी मागचं कार्ड समोर ठेवायचं, नव्या कार्डावर उतरवायचं, बरे झाले त्यांना गाळायचं, नवे असतील ते घालायचे. मधले दोन रविवार मी यादी केलीच नव्हती. त्यामुळे काल समोर घेतलं ते कार्ड ती असतानाचं. हात चालत होता. उतरवलं.

पाळकसाहेब नाव वाचतात आणि मंडळी म्हणते, ‘प्रभू, आमचं ऐक.’ पहिलं झालं. दुसरं झालं. तिसऱ्यालाही सगळे म्हणाले. मीसुद्धा! मग पुढच्या बाकावरून कोणीतरी ‘अगंबाई’ म्हणालं. पाळकसाहेब खोकले आणि त्यांनी चौथं नाव वाचलं.

बाहेर खांद्यावर हात. ‘दुःखात होतं असं.’ ‘मनाला लावून घेऊ नका.’

आई – म्हणजे माझ्या सासूबाई, त्या आमच्याकडेच असतात – घरी येऊन चपला काढताना म्हणाल्या, ‘बरं वाटलं ऐकून. क्षणभर वाटलं, आहे अजून.’

सोमवार, ८ सप्टेंबर

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आज रक्ताचे त्रेचाळीस नमुने. आठ स्लाइड हातानं मोजायच्या होत्या. बाकी यंत्रानं केलं.

चुकीचं मला काही वाटत नाही. आवाजाचं वाटतं. काल हिच्या नावाला जो आवाज निघाला, तो गेले चौदा महिने निघत होता तोच. तसाच सूर, तेवढाच जोर, शेवटी तसाच उतरता. बाई जिवंत असताना जे म्हटलं, तेच ती मेल्यावर म्हटलं, आणि म्हणताना कोणालाही फरक कळला नाही. मलाही नाही.

मग चौदा महिने आम्ही काय करत होतो?

बुधवार, १० सप्टेंबर

पाळकसाहेब आले. चहा घेतला. म्हणाले, ‘अशा काळात देव लांब गेल्यासारखा वाटतो.’

मी म्हणालो, ‘वाटत नाही, साहेब. लांब आहे.’

मी असं कधी कोणाला बोलत नाही. त्यांचा कप बशीवर वाजला. माणूस वाईट नाही. हिच्या शेवटच्या आठवड्यात तीन वेळा आले होते. पण मला त्यांना काही समजावून सांगावंसं वाटेना. कोरी कार्डं आणि जाड निबाचं पेन त्यांच्यासमोर ठेवलं. यादी दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणालो.

‘थोडे दिवस विश्रांती घ्या,’ म्हणाले. विश्रांती!

जेवताना आईंनी प्रार्थना केली. मग माझ्याकडे बघत बसल्या.
‘तुम्ही आमेन म्हणाला नाहीत.’
‘मनात म्हटलं.’
‘मनातलं मला कसं ऐकू येणार? मी काय देव आहे?’
म्हटलं नव्हतंच. खोटं बोललो.

रविवार, १४ सप्टेंबर

यादी पाळकबाईंनी संगणकावर केली. दोन नावं राहिली, आणि एक बाई बऱ्या होऊन समोर बसलेल्या असताना त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. त्या हात वर करून म्हणाल्या, ‘अहो, मी ठणठणीत आहे!’ लोक हसले. मला हसू आलं नाही.

तोंड हलवलं. आवाज काढला नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

लेकीचा फोन. ‘पप्पा, चर्चला जाताय ना?’ जातो म्हणालो. ‘आणि घरी?’ घरी काय, म्हणालो.  मग तिच्याकडच्या नळाला पाणी येत नाही, ते सांगत राहिली. दोघांनाही बरं वाटलं.

सोमवार, २२ सप्टेंबर

मिस्त्री प्रयोगशाळेत आले. आमच्या मंडळीतले सुतार. बाक, खिडक्या, व्यासपीठ सगळं त्यांच्या हातचं. मंडळीत कोणी गेलं की पेटीही तेच करतात. हिचीही त्यांनीच केली. आतूनसुद्धा पॉलिशपेपर मारला होता. आतून कोण बघणार, असं मी त्या दिवशी मूर्खासारखं विचारलं. ते घासत राहिले.

मला ते ‘डास’ म्हणतात. लोकांचं रक्त काढतो म्हणून.

‘काय रे डासा, आज माझी पाळी. बायको म्हणते माझ्यात रक्तच उरलं नाही. बघ सापडतंय का.’

बाही वर केली तर दंडावर निळे डाग. एक, दोन नाही. कोपरापासून वरपर्यंत.
‘कुठे आपटलात?’
‘कुठेच नाही. म्हणून तर आलो.’

सुई टोचली तिथलं रक्त थांबायला फार वेळ लागला. कापूस मी धरून ठेवला. ते आमच्या स्टुलाचे पाय हलवून बघत होते. ‘हे कोणी केलं? त्याचे हात तोडायला पाहिजेत.’

मंगळवार, २३ सप्टेंबर

डॉक्टरबाई अकराला येतात. स्लाइड मी नऊला रंगवली. पहिल्याच नजरेत कळलं. मोठ्या, कच्च्या पेशी. सगळीकडे त्याच. हिच्या स्लाइडमध्ये होत्या अगदी तशा.

तरी शंभर मोजल्या. नियम आहे. शंभरात ऐंशी.

पूर्वी मी मोजता मोजता प्रार्थना करायचो. उजव्या हातानं मोजणीयंत्राची बटणं दाबायची, मनात दोन शब्द. हिच्या वेळी तर प्रत्येक पेशीला. एकदा हिची स्लाइड स्वच्छ आली होती. तेव्हा मी खुर्चीतून उठून दाराची कडी लावून गुडघे टेकले होते. दहा आठवड्यांनी सगळं परत आलं. आज नुसतं मोजलं. सोपं जातं तसं.

मी कोणाला सांगू शकत नाही. सही डॉक्टरबाईंची, सांगायचं त्यांनी. संध्याकाळी मिस्त्रींच्या दुकानावरून येताना रंध्याचा आवाज येत होता. रस्ता ओलांडून पलीकडून गेलो.

शनिवार, २७ सप्टेंबर

मिस्त्री घरी आले. त्यांना गुरुवारी सांगितलंय, रक्ताचा कर्करोग. सोमवारी आमच्याच रुग्णालयात भरती.

‘तुला मंगळवारीच कळलं होतं ना?’
हो म्हणालो.
‘पलीकडच्या फुटपाथनं गेलास. मी बघितलं. एरवी आत डोकावल्याशिवाय जात नाहीस.’

मला मान वर करता येईना. ते रागावले नव्हते. खिशातून कोरं कार्ड काढलं. पाळकबाईंकडून मागून आणलेलं.
‘माझं नाव घाल यादीत. तुझ्या हातानं. त्या यंत्राच्या अक्षरात मी सगळ्यांसारखा दिसेन.’

मी म्हणालो, ‘मिस्त्री, मला आता प्रार्थना येत नाही.’ हे पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं.

‘मी तुला प्रार्थना कर म्हणालो का? लिही म्हणालो.’

आतून आई ओरडल्या, ‘लिहा ना! हात काय झिजणार आहे का?’

लिहिलं. बाकीचीही लिहिली. नऊ नावं. जुनं कार्ड समोर घेतलं नाही. एकेकाला फोन करून विचारलं.

रविवार, २८ सप्टेंबर

तोच आवाज.

बुधवार, ८ ऑक्टोबर

कामाआधी वॉर्डमध्ये गेलो. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. मिस्त्रींच्या तोंडात फोड आलेत. पाणीही गिळवत नाही. केस गेलेत. बोलायला फार कष्ट पडतात, तरी म्हणाले, ‘डास आला. कितवा आहे आजचा?’ दिवसातून तीनदा रक्त काढतात.

त्यांची बायको खाली औषध आणायला गेली होती. मी विचारलं, ‘तुम्हाला तो जवळ वाटतो का?’
‘कोण? डॉक्टर?’
‘देव.’

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. 
‘नाही वाटत,’ म्हणाले.

मला धक्का बसला. मला वाटलं होतं हा माणूस तरी हो म्हणेल. त्यांचं हो मला हवं होतं, हे तेव्हा कळलं.

मग म्हणाले, ‘पण मी जागा सोडलेली नाही. तो आला आणि मीच नसलो, तर चूक कोणाची?’

एवढं बोलून दमले. मी ओल्या कापसानं ओठ पुसले. त्यांना आणखी एक सांगितलं. हे इथेही लिहिलं नव्हतं. शेवटच्या दुपारी ही म्हणाली, ‘काहीतरी म्हणा ना.’ मी स्तोत्र म्हणायला लागलो. लहानपणापासून पाठ असलेलं. अर्ध्यात पुढची ओळ आठवेना. परत सुरुवात केली, परत तिथेच अडलो. ती म्हणाली, ‘राहू द्या.’  तेच तिचं शेवटचं.

मिस्त्रींनी डोळे मिटूनच विचारलं, ‘मग? हात धरलेला होतास का?’
हो म्हणालो.
‘मग झालं.’

झालं की नाही ते मला माहीत नाही. प्रयोगशाळेत वीस मिनिटं उशिरा पोचलो.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पाळकसाहेबांचा फोन. ‘उद्यापासून यादी तुम्हीच वाचा. माझ्याकडून परत चूक नको.’ मी नाही म्हणणार होतो. ‘बघतो,’ म्हणालो. म्हणजे वाचणार.

रविवार, १२ ऑक्टोबर

व्यासपीठावर उभा राहिलो. पंधरा वर्षांत तिथे चढलो नव्हतो. पहिलं नाव वाचलं. आवाज आला – तोच. दुसरं वाचलं. तोच.

तिसरं मिस्त्रींचं. वाचलं. लोक तोंड उघडणार, तेवढ्यात मी हात वर केला. का केला माहीत नाही. ठरवलं नव्हतं.

म्हणालो, ‘तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. तोंडात फोड आहेत. पाणी गिळता येत नाही. काल दोन बाटल्या रक्त चढवलं. तुम्ही बसलाय ते बाक त्यांनी केलेत.’

 मंडळी एवढी गप्प कधी ऐकली नव्हती. मग मागून एक बाई म्हणाली, ‘प्रभू, आमचं ऐक.’ मग दुसरीकडून कोणीतरी. मग पाच-सहा जण, पुढेमागे, कोणाचा कोणाला मेळ नाही. एकाचं तर अर्ध्यातच तुटलं.

मी पुढचं नाव वाचलं. त्यांचंही सांगितलं – गुडघा, जिना, एकट्या राहतात. असं नऊही जणांचं, आधी वाचून झालेल्या दोघांचंसुद्धा. बारा मिनिटं जास्त लागली.

परतताना आई म्हणाल्या, ‘आज काय फाटक्या आवाजात म्हणत होते सगळे!’ रागावल्यात असं वाटलं. मग म्हणाल्या, ‘माझ्या पोरीच्या वेळी का नाही सांगितलंत असं?’

 दोघंही रस्त्याकडे बघत चाललो.

देव लांबच आहे. त्यात फरक नाही. पण आज मंडळी जवळ होती.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

मिस्त्रींची स्लाइड. शंभरात चार. डॉक्टरबाई खूश. ‘बघा, उतरलं!’ मी गुडघे टेकले नाहीत. पण दुसरी स्लाइड घेऊन पुन्हा शंभर मोजल्या. पाच.

सोमवार, २७ ऑक्टोबर

ताप. छातीत कफ. औषधांनी अंगातली ताकदच काढून घेतलीय, असं नर्स म्हणाली. मिस्त्रींनी मला ओळखलं नाही. हातानं काहीतरी मोजत होते, पांघरुणावर, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

मिस्त्री गेले. सकाळी सात चाळीसला. मी तिथे होतो. त्यांच्या बायकोनं एक हात धरला होता, दुसरा मी.

पेटी बाजारातून आणावी लागली. सांधे उघडे आहेत, आतून खडबडीत. उद्या अकराला नेणार. दुपारभर त्यांच्या दुकानात बसून ती आतून घासली. हाताला फोड आले. मला जमत नाही हे काम.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आठ वाजलेत. आई मिस्त्रींच्या घरी गेल्या. पांढरा शर्ट इस्त्रीला घेतला. कॉलर वळत नव्हती. पाणी शिंपडलं, परत दाबली. आणि मोठ्यानं बोललो – ‘हे बरोबर नाही. दोघांचंही नाही. मला पटलेलं नाही, आणि पटेल असंही वाटत नाही.’

घरात कोणी नव्हतं. बोललो तो तुझ्याशी, प्रभू.

तू काही म्हणाला नाहीस. कॉलर झाली. आता बाह्या करतो.