अबकच्या मागे मी

ती. दादा,

वाकून नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? (दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्या जमातीत पाठच आधी कुरकुरते.) मावशीचा गुडघा, वहिनीचा खोकला आणि धाकटीचा हलणारा दात, तिन्हींची खबर सविस्तर कळव. इकडे आईबाबा ठीक आहेत. मी ठीक नाही. ताप नाही, सर्दी नाही, पण गेले दोन महिने झोप माझ्याकडे फिरकलेली नाही.

झालं असं, की आमच्या साहेबांनी सगळ्या सॉफ्टवेअर टेस्टर मंडळींना मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि बिस्किटं दिली. साहेब बिस्किटं देतात तेव्हा माझी पाचावर धारण बसते. वर्षअखेरीला अकरा जणांतले चारच ठेवणार, बाकीचं काम मशीन करणार, आणि ठेवताना पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांना किंवा निदान घेत असलेल्यांना आधी धरणार, असं त्यांनी अतिशय प्रेमळ आवाजात सांगितलं. घरी येऊन हे बोलले तर बाबा जेवता जेवता थांबले. बाबांचं तुला माहीतच आहे. ऑफिसं आहेत तोवर टाइपरायटर आहेत, या एका वाक्यावर त्यांनी दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि शेवटची सहा वर्षं दुकानात नुसता रेडिओ ऐकत बसले. शीक काय हवं ते, पण काम टिकेल असं शीक, एवढंच म्हणाले आणि ताट सारून उठले.

मग मी कॉम्प्युटर सायन्सचे दोन पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडले. दोन्हींचे वर्ग संध्याकाळचे, नोकरी सांभाळून करता येणारे. एक वर्षभराचा, त्याच्या माहितीपत्रकावर उड्या मारणारी मुलं आणि ‘शंभर टक्के नोकरी’. दुसरा दोन वर्षांचा, गणित नाकातोंडात जाईल एवढं, आणि पत्रकावर फक्त इमारत, तीही मागच्या बाजूने. पहिल्याने अर्ज केल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रवेश दिला, तेव्हाच मला शंका आली. शंभर टक्क्यांची खातरजमा करावी म्हणून फोन लावला आणि तिथून पास झालेल्या कुणाशी तरी बोलायचंय म्हटलं. फोनवरचे गृहस्थ खूश झाले. म्हणाले, माझ्याशीच बोला, मी मागच्या वर्षी पास झालो आणि झाल्या झाल्या नोकरी लागली. कुठे, म्हणून विचारलं. तर इथेच, फोन घ्यायची.

म्हणून मन दुसऱ्याकडे वळलं, आणि तिथे मी हात दाखवून अवलक्षण केलं. अर्जाचं पान उघडलं (स्वयंपाकघरात, लॅपटॉपचं बिजागर तुटलंय म्हणून मागे पिठाचा डबा टेकवून) आणि दादा, मला राहवलंच नाही. सहा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरतेय, कोरा रकाना दिसला की त्यात उलटसुलट भरून बघितल्याशिवाय हात स्वस्थ बसत नाही. नाव अबक, ईमेल माझाच, जन्म १ जानेवारी १९००, प्रत्येक विषयात शंभरपैकी शंभर, आणि ‘हा अभ्यासक्रम का निवडला’ याखाली ‘चाचणी चाचणी चाचणी’. पान हे सगळं नाकारेल, मी गालातल्या गालात हसेन आणि मग माझा खरा अर्ज भरेन, असा बेत होता. पानाने अबकचे आभार मानले. मी घाबरून ते बंद केलं, दुसऱ्या दिवशी माझा अर्ज भरला आणि अबकला विसरून गेले.

तीन आठवड्यांनी दोन मेल आले. अबक यांना प्रवेश, शिवाय गुणवत्तेबद्दल फी माफ. मला प्रतीक्षायादीत पहिला नंबर. म्हणजे माझी जागा अडवली होती ती सव्वाशे वर्षांच्या, या जगात नसलेल्या, मीच जन्माला घातलेल्या माणसाने! आईने त्याचं पत्र वाचलं आणि मुलगा हुशार दिसतो, एवढंच म्हणाली.

त्याचा प्रवेश रद्द करायला फोन केला, तर कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, उमेदवाराने स्वतः बोलायला हवं. खरं सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी बाबांना फोनपाशी बसवलं आणि कागदावर लिहून दिलं, की मी अबक, तब्येतीमुळे प्रवेश सोडत आहे. (१९०० सालचा माणूस, कारण पटण्यासारखं होतं.) बाबांनी ते नीट वाचलं. मग कागद बाजूला ठेवला.

“बाई, जाता जाता एक विचारू? ही पदवी घेतली तर पोरीला... म्हणजे माणसाला, पुढे दहा वर्षं तरी काम मिळेल का?”



“तसं कुणीच लिहून देत नाही, आजोबा,” बाई म्हणाल्या.

बाबांनी त्यांचे आभार मानले, फोन ठेवला आणि रेडिओ लावला. तासाभरात ती जागा माझ्या नावावर झाली होती.

तर आता दोन्ही दारं उघडी आहेत आणि येत्या शुक्रवारी पाचच्या आत एकीकडे होकार कळवायचाय. मी तक्ता केला, फी, अंतर, नोकरी, गणित, सगळ्याला गुण दिले. दोन्हीकडे बेरीज बहात्तर. आई म्हणते दोन्ही घे. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. मावशीला नमस्कार, धाकटीला पापा.

तुझी भांडकुदळ बहीण

ता. क. : अबकचं प्रकरण वहिनीला वाचून दाखव, तिला हसू येईल. याच्या खालचं दाखवू नकोस.

आणखी एक ता. क. : आमच्या कंपनीत येणारे नोकरीचे अर्ज गाळणारा नवा प्रोग्राम सध्या माझ्याकडे तपासायला आहे. गेल्या मंगळवारी त्याने बाद केलेल्या अर्जांत तुझा अर्ज दिसला. चौदा वर्षांचा अनुभव, आणि मार्चपासून पुढे काहीच लिहिलेलं नाही. बाद करायचं कारण एकच, पदव्युत्तर शिक्षण नाही. परवा तुझ्या घरी फोन केला, तेव्हा वहिनी म्हणाली तू ऑफिसला गेलायस. मी बरं म्हटलं. कुणालाही सांगितलेलं नाही, आणि सांगायचं असेल तेव्हा तूच सांग. दोन वर्षांवाल्यांनी अनुभवी लोकांसाठी चार जागा वेगळ्या ठेवल्यात, अर्ज रविवारपर्यंत घेतात. तुझा भरून ठेवलाय, फक्त सही राहिलीय. तू येणार असशील तर मी शुक्रवारी तिथेच होकार कळवते. गणित तू समजावून सांग, बसचा पास मी काढते. एकटीला मला फार भीती वाटते रे, आणि तुलाही वाटत असणार.