भजनाच्या वायरवरचा ब्रेक

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.
पूजा झाली. संकल्प: जीपला ट्रेलरचे वायरिंग मी स्वतः करणार. बायकोच्या, गोकुळेच्या बचत गटाला गडचिरोलीच्या खानावळीची पहिली ऑर्डर आहे, रविवारी जिवंत मासे पोचवायचे. पाण्याची टाकी ट्रेलरवर, ट्रेलर जीपमागे. ट्रेलर भंगारातला, पण त्याला विजेवरचा स्वतःचा ब्रेक आहे. त्याचा कंट्रोलर डॅशबोर्डखाली बसवायचा. प्लगमध्ये सात वायर. सात म्हणजे शुभच.

गोकुळा म्हणाली, "चामोर्शीच्या अयूबभाऊले बोलवा ना, इलेक्ट्रिशियन आहे तो." मी म्हणालो, घरचा पंप कोणी जोडला? म्हणे, "तोच तर तीनदा जळला."

३ फेब्रुवारी.
अयूबभाऊ चौकात भेटला. न विचारताच सांगू लागला. कंट्रोलरचा करंट थेट बॅटरीवरून, जाड वायरने, मध्ये फ्यूज. ट्रेलरची पांढरी अर्थ वायर जीपला नीट कसायची. कामाआधी बॅटरीचे टोक काढायचे.
भला माणूस. उगाच अवघड करून सांगतो.

४ फेब्रुवारी.
बॅटरी बोनेटखाली, कंट्रोलर आत, मध्ये पत्रा. पत्र्याला भोक पाडणे जिवावर आले. म्युझिक सिस्टीमची वायर हाताशीच होती. तिलाच जोडले. पांढरी वायर सोडून दिली. हुकात लोखंडाला लोखंड लागलेलेच आहे. प्लगवर काळी टेप गुंडाळली. फार सुबक.

५ फेब्रुवारी.
चाचणी. भजन सुरू असेल तरच ट्रेलरचा ब्रेक लागतो. ब्रेक दाबला की भजन थांबते, सोडला की पुढे चालू. मन भरून आले. इतकी वर्षे गाडी चालवली, देवाला विचारून थांबणे कधी सुचले नव्हते.
उजवा इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे नाचतात. गोकुळा म्हणाली, "जत्रेतला पाळणा आणला का?" लांबून दिसेल, हा फायदा तिच्या लक्षात आला नाही.

६ फेब्रुवारी.
फ्यूज उडाला. दुसराही उडाला. तिसरा नव्हता. अगरबत्तीच्या पुड्यातला चांदीचा कागद गुंडाळून बसवला. आता उडत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९.
टाकी भरून शेवटची चाचणी. गटाच्या बाया तलावाच्या काठावर जमल्या. डॅशबोर्डवर मोगरा अगरबत्ती लावली. तलावाकडच्या उतारावर धूर दाटला. प्रसन्न वाटले. शेजारी गोकुळा. म्हणाली, "मोगरा असा वास देते का?" मी म्हणालो, श्रद्धा असली की देतो.
मग भजन बंद पडले.
भरल्या टाकीने जीपला ढकलत बंपरपर्यंत तलावात नेले. गटाची खजिनदार बुधरीबाई काठावरून म्हणाली, "भाऊ, मासे जाळ्यानं धरतेत. जीप काऊन टाकून राह्यले?"

दुपारी २.
गोकुळेने अयूबभाऊला फोन केला. मी करणारच होतो. त्याने जळकी वायर आणि चांदीचा कागद माझ्या हातात ठेवला. फक्त अगरबत्ती कोणती, ते विचारले. पत्र्याला भोक पाडायला त्याला दोन मिनिटे लागली. प्लगवरची काळी टेप मात्र माझीच राहणार. त्यात सुधारण्यासारखे काही नव्हते.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.
एसटीत बसून लिहितो आहे. जीप अयूबभाऊ चालवतो. पुढे गोकुळा, मागे बाया. मला जागा उरली नाही. गोकुळा म्हणाली, "तुमी बसनं या. तिचा ब्रेक भजनावर नाई चालत."
आत्ताच ट्रेलर बसला मागे टाकून गेला. टाकीत मासे उड्या मारत होते. उजवा इंडिकेटर लागला. फक्त उजवा.
प्लगवरची टेप पिवळी होती.