अमीरबीनं नाकारलेल्या कुरडया

माह्या जिवाच्या अमीरबीले, बीबी गावाहून सिंधूचा जयभीम अन सलाम. दोन्ही ठेवून घे, एक जास्त वाटला तर जाकीरले दे. गुडघा कसा आहे? तेल चोळून राह्यली का नुसती शिशीकडे पाहून राह्यली? मी बरी आहे. फोनच करणार होती, पण फोनवर तुले ऐकू येवो न येवो, तू सगळ्याले हाव हाव म्हणते. मागच्या टायमाले अशाच हाव हावमधी तू माह्या नणदेले महिनाभर राहाले बोलावून बसली. म्हणून लिहून पाठवते. (जाकीर, अम्मीले मोठ्यानं वाचून दाखव. अन मधात हसू नको बे.)

तर पहिले आला तो गुलाबराव जीपवाला. मी कुरडया वाळू घालून राह्यली होती, अन हा फाटकातूनच वरडते, "सिंधूताई, कॉलेजची पाटी लावलेली गाडी घेऊन लोकं आले, तुमचं गोडाऊन कुठी आहे म्हणून विचारून राह्यले!" अव माय, माहं गोडाऊन! घरातली एक फळी, तिच्यावर सात डबे अन एक मांजर. मागून गाडीच आली. तिच्यातून माही काजल उतरली (थोरल्याची पोरगी, तुह्या मांडीवर मुतलेली, आता एमबीएच्या शेवटच्या वर्षाले आहे) अन तिचे प्रेमानंद सर. सर इतके बारीक का, मले वाटलं पहिले यायले जेवाले वाढावं, मंग नाव विचारावं. तसंच केलं.

काजलचं संशोधन आहे ना, ते याच्यावर आहे का माल कुठून निघते, कोणाकोणाच्या हातून जाते, मधात खोळंबा झाला तर पुन्हा वाटेले कसा लागते, अन त्याच्यात कॉम्प्युटरचा काय उपयोग. मोठमोठ्या कंपन्यायचं सगळे लिहितात, तिनं सांगतलं का मी माह्या आजीचं लिहीन. बीबीतून बसनं निघालेला डबा चिखलीले गोजरबाईच्या बांगड्याच्या दुकानावरून मलकापूरले तुह्यापोवत वीस वर्षं झाले जाऊन राह्यला, ना पावती ना चिठ्ठी, अन एकही हरपला नाई, हे तिले शाळेपासून माहीत. मले तर भरून आलं. आपल्या घरात बारावीच्या पुढं गेलेली पहिली पोरगी, अन लिहाले घेतलं तर काय, माह्या कुरडया!

सरनं कागद पसरला. त्याच्यावर रंगीत पट्ट्याच पट्ट्या, कोणतं काम कोणत्या तारखेले सुरू अन कोणत्या तारखेले खतम. मले विचारते, आजी, यात जोखीम काय काय? मी म्हटलं, एक मांजर, एक नवा कंडक्टर अन एक गोजरबाईचा राग. त्यानं तिन्ही लिहून घेतल्या! गोजरबाईच्या रागाले तर लाल रंग दिला. मंग विचारते, राग आला तर उपाय काय? मी म्हटलं, बांगड्या पाहायच्या अन म्हणायचं का असा माल मलकापुरातही नाई. तेही लिहिलं. (हे गोजरबाईले सांगू नको. लाल रंगाचं तर बिलकुल नको.)

मंग त्यायनं कडीच्या डब्याच्या बुडाले बटनाएवढी एक टिकली चिकटवली. डबा जिथं जाईन तिथं काजलच्या फोनवर निळा ठिपका जाते. नियम असा का तो ठिपका मलकापूरले एका जागी चोवीस तास थांबला, तर माल पोहोचला. कुरडया भरल्या, बसमधी दिला, अन आम्ही चहा घेत ठिपका पाहत बसलो. सिनेमात असं मन लागत नाई बाई! चिखलीच्या अलीकडं बस बंद पडली तसा ठिपका थांबला. सरचा चेहरा उतरला, कॉम्प्युटरनं लिहिलं, मार्ग बंद. अन पाहता पाहता ठिपका उलटा निघाला, एका शेतात शिरला अन तिथंच तीन घंटे बसला. सर म्हणे चोरी झाली. कायची चोरी! कंडक्टरनं डबा गुलाबरावच्या जीपमधी ठेवला होता, अन गुलाबरावले मधात मामेबहिणीच्या साखरपुड्याले जायचं होतं. डबा साखरपुडा पाहून संध्याकाळच्या आत चिखलीले गोजरबाईच्या हाती. सरनं हात जोडले. म्हणे, आजी, वाट बंद पडली तर तुमचा माल स्वतःच वाट काढते, कंपन्यायले हेच जमत नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपका तुह्या दारात. काजलनं टाळ्या वाजवल्या. अन दोन घंट्यात ठिपका पुन्हा हालला! निघाला तर सरळ चिखलीकडं वापस. अन कॉम्प्युटरनं काय लिहावं? "ग्राहकाने माल नाकारला."

अमीरबी, माह्या कुरडया अन तू नाकारशीन? मी त्या कॉम्प्युटरले अशा शिव्या घातल्या का सरनं त्याचं झाकणच लावलं. संध्याकाळी डबा आला, उघडला, तर काठोकाठ तुह्या हातच्या शेवया. आता यायले कोण समजून सांगीन का आपल्या दोघींच्या घरी कोणाचाच डबा रिकामा वापस जात नाई! मंग मीही काय रिकामा ठेवणार होती? मुंगवड्या भरल्या अन पाठवला. तू लोणचं भरलं. मी सरगुंडे भरले. तीन खेपा झाल्या, अन तिन्ही खेपा कॉम्प्युटर लिहिते, नाकारला, नाकारला. काजल बिचारी हातात कागद घेऊन बसली. एक तरी खेप "पोहोचला" अशी निघाली नाई तर तिचं सगळं लिहिलेलं खोटं पडते अन पोरगी एक वर्ष मागं राह्यते. मी सरले म्हटलं, तुमचा नियमच बदला. तर म्हणे, आजी, मधात नियम बदलला तर त्याले संशोधन म्हणत नाईत. अन डबा घेणाऱ्याले काही सांगाचंही नाई, तेही संशोधनाच्या विरुद्ध.

बाकी सगळं ठीक आहे. मांजरीले तीन पिलं झाले. हात दुखाले लागला, थांबते.

तुही
सिंधू

ता. क. तुले काही सांगाचं नाई असं ठरलं आहे, म्हणून मी काही सांगत नाई. फक्त ही चिठ्ठी त्याच डब्यात, कुरडयायच्या खाली ठेवली आहे. डबा मोकळा कर, धू, अन एक दिवस, एकच दिवस, फळीवर पालथा ठेव. जाकीर चिखलीले निघाला तरी देऊ नको. तुह्या जिवावर येईन, मले माहीत आहे. काजलसाठी कर.

दुसरा ता. क. काजलले यातलं काही समजू देऊ नको. ती लय इमानदार आहे, कोणावर गेली काय माहीत.

तिसरा ता. क. चोवीस तास झाल्यावर मात्र शेवया भरून पाठव, घरातल्या सरल्या, अन सर येणार आहेत. जातानी मी त्यायले दुसऱ्या एका डब्यात मुंगवड्या देल्या होत्या. काल फोन आला, त्यायच्या आईनं बजावलं म्हणे का लोकायचा डबा रिकामा देऊ नको. लाडू भरून घेऊन येऊन राह्यले. बुधवारी येतो म्हणाले.