मसाला कोण भाजतं

बाबा,

परवा एक मुलगी घरी आली होती. जुन्या माहितीपटांवर तिचा काहीतरी अभ्यास चालला आहे. तिने लॅपटॉप उघडला, उजेड येतो म्हणून खिडकीचा पडदा ओढून घेतला, आणि पुढच्याच क्षणी तुम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर, कृष्णधवल, नवी बंडी घालून चुलीपुढे उभे. आपल्या खानावळीवरची ती फिल्म. मी ती आयुष्यात एकदाच बघितली होती, तुमच्या आणि आईच्या मधे बसून, आणि तेव्हा पडद्यापेक्षा तुम्हा दोघांच्या चेहऱ्यांकडेच माझं जास्त लक्ष होतं. या वेळी नीट बघितली. मुलगी गेल्यावर चहा करायला उठले आणि गॅस पेटवून तशीच उभी राहिले. तुमच्याशी बोलायचं बरंच राहून गेलं असं वाटलं, म्हणून लिहायला बसले आहे.

त्या वेळी तुमच्या हाताचं नव्हे, तुमच्या नाकाचं नाव होतं. नागपुरात विणकरांच्या वस्तीतली आपली खानावळ ती केवढी, चार बाकं आणि मागे स्वयंपाकघर, पण विजेच्या कारखान्याचं काम चालू होतं तेव्हा कोराडीहून फिटर, वेल्डर संध्याकाळच्या बसने मुद्दाम जेवायला यायचे. हातपाय धुऊन, घामाने भिजण्याच्या तयारीनेच बसायचे. मटणाच्या रश्श्यावर लाल तर्री, सोबत ज्वारीची भाकर. मला एक दुपार आठवते. मी शाळकरी आहे, आत मसाला परतते आहे आणि मन भलतीकडे आहे. तुम्ही चुलीकडे पाठ करून दारातल्या माणसाशी बोलता आहात. वळूनही न बघता तुम्ही ओरडता, "पोरी, धणे करपून राहिले वं! डोळ्यानं काय भाजतं, नाकानं भाज!" मी रुसून बसले होते. तुम्ही समजूत काढली नाहीत. तो सगळा मसाला टाकून दिलात आणि मला पुन्हा पहिल्यापासून भाजायला लावलंत, शेजारी पाटावर बसून. शेवटी "हं, आता" एवढंच म्हणालात. त्या "हं, आता"चा मला आठवडाभर अभिमान होता.

मग तो ट्रक. कळमेश्वरच्या एका लग्नाचा स्वयंपाक उरकून तुम्ही भांड्यांबरोबर मागे बसून येत होता आणि वळणावर ट्रक कलंडला. डोक्याला मार बसला. जखम भरली, टाके निघाले, सगळे म्हणाले थोडक्यात निभावलं. तुम्ही पुन्हा चुलीपुढे उभे राहिलात त्या पहिल्या सकाळी मी भाकरीचं पीठ मळत होते. कढईत कांदा होता. तो लाल झाला, मग तपकिरी, मग धूर यायला लागला, आणि तुम्ही परतायचा सराटा हातात धरून तसेच उभे. आई पाट्यावरून उठली, तुमच्या हाताखालून हात घालून तिने कढई उतरवली. तुम्ही तिच्याकडे बघितलंत. मी तुम्हाला घाबरलेलं त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

त्यानंतर घरात या गोष्टीवर कोणी काही बोललं नाही. आई मसाल्याच्या वेळी चुलीजवळ असायला लागली, एवढंच. हळूहळू सराटाही तिच्याच हातात गेला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, नवऱ्याला हातभार लावते आहे. तुम्ही मोठ्याने "आणा गा मटन" म्हणायचात, गिऱ्हाईक म्हणायचे, वा, आजही तोच हात. आई भाकरी थापत असायची. तुम्ही हे असं किती वर्षं चालवणार होतात, मला माहीत नाही. मी तोवर कॉलेजात जायला लागले होते आणि मला हे नाटक वाटायला लागलं होतं. तुम्हाला मात्र त्यात रोज उभं राहायचं होतं.

आणि मग मुंबईहून ती फिल्मवाली मंडळी आली. दिग्दर्शिका पस्तिशीतली, पँट घातलेली, केस आखूड. गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन तिला बघत होत्या. बरोबर एक कॅमेरावाला आणि एक कानाला हेडफोन लावलेला टेपवाला. गावोगावच्या नावाजलेल्या आचाऱ्यांवर तिला फिल्म करायची होती आणि नागपुरातून कोणीतरी तुमचं नाव सांगितलं होतं. तुम्ही नाही म्हणाल असं मला वाटलं होतं. तुम्ही हो म्हणालात, न्हाव्याकडे जाऊन आलात, बंडी आणलीत. पहिला दिवस मजेत गेला. मटण निवडताना, पंगत वाढताना, कोराडीच्या मंडळींशी थट्टा करताना तुम्ही. टेपवाल्याने मला थोडा वेळ हेडफोन दिले होते. रस्सा उकळण्याचा आवाज त्यात नदीसारखा मोठा येत होता, आणि त्याच्यावर तुमचा श्वास.

दुसऱ्या दिवशी मसाल्याचं शूटिंग होतं. दिवे आणि कॅमेऱ्याची तिपाई लावल्यावर आपल्या स्वयंपाकघरात वळायलाही जागा उरली नाही. दिग्दर्शिका आईला अगदी नम्रपणे म्हणाली, "काकू, तुम्ही जरा बाहेर थांबाल का? चुलीपाशी फक्त काका दिसायला हवेत." आई तुमच्याकडे बघते. तुम्ही चुलीत लाकूड सारता. आई पदराला हात पुसते आणि मागच्या दाराने अंगणात जाते.

कढईत खोबरं, खसखस, धणे पडले. मी दाराशी होते. वास आधी गोडसर असतो, मग तो खोल होतो, आणि मग एक क्षण येतो की उतरवलं नाही तर गेलं. तो क्षण आला आणि गेला. घामाघूम झालेल्या त्या तिघांना ते कळायचं कारण नव्हतं, त्यांना सगळाच वास नवा. तुम्ही परततच राहिलात. मग मान न वळवता, नुसते डोळे माझ्याकडे.

"बाबा, उतरवा," मी म्हणाले.

टेपवाल्याने हेडफोन काढले. दिग्दर्शिका वैतागली. "अगं, आवाज रेकॉर्ड होतोय! सगळा शॉट वाया गेला." मी काही बोलायच्या आत तुम्ही कढई उचललीत, अंगणात नेऊन राखेत उपडी केलीत आणि परत येऊन चुलीपुढे उभे राहिलात.

"बाई, तुमचा कॅमेरा चालू हाये काय?"

"नाही काका, बंद केला."

"मंग चालू करा."

आणि तुम्ही सांगितलंत. ते मला पाठ होतं असं मी समजत होते, परवा ऐकलं तेव्हा कळलं की मी त्यात माझे शब्द घातले होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "मले वास येत नाही. डोक्याले मार लागला तवापासून नाही. तिखट समजते, मीठ समजते, बाकी सारं पाणी. लोकं माझं नाव घेतेत. मसाला मी नाही भाजत. माझी घरवाली भाजते."

अंगणातून आईचा आवाज आला. तोही टेपवर आहे. "काहून सांगून राहिले तुमी? धंदा बुडवाचा हाये काय आपला?"

"ये वं आत."

"मी नाही येत. मले नाही यायचं फोटोत."

तुम्ही दुसरी कढई ठेवलीत, मसाला घातलात, आणि हाताची घडी घालून उभे राहिलात. आई दारातून बघते आहे. खोबऱ्याचा रंग चढतो आहे. "अहो, हलवा ना जरा!" ती म्हणते. तुम्ही म्हणता, "मले काय समजते?" ती ओठ दाबून उभी राहते. मग तिला राहवत नाही. ती धावतच आत येते, कॅमेरावाल्याला "सरका ना बाजूले!" म्हणते, तिपाईला धक्का लागतो, सगळं चित्र हलतं, आणि सराटा तिच्या हातात असतो. फिल्ममध्ये तो धक्का तसाच ठेवला आहे. पुढे बराच वेळ ती मसाला भाजते आणि एकदाही कॅमेऱ्याकडे बघत नाही. तिच्या मानेवरून कळतं की ती किती संतापली आहे.

सामान बांधताना दिग्दर्शिकेने तुम्हाला बाजूला घेतलं. म्हणाली, "काका, हे सगळीकडे दाखवलं जाईल. तुमच्या धंद्याला बाधेल. तुम्ही म्हणाल तर काढून टाकते." तुम्ही म्हणालात, राहू द्या. आई म्हणाली, काढा. ती बाई शहाणी होती. ती आईसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "काकू, मी तुमचं ऐकेन." आई पाट्यावर लसूण वाटत राहिली. मग तिने विचारलं, "मी काय करून राहिली ते दिसते काय त्याच्यात नीट?" पूर्ण दिसतं, बाई म्हणाली. "आन रंग?" रंग नाही दिसत काकू, काळीपांढरी आहे. "मंग लोकाईले कसं समजन, मसाला बरोबर उतरवला का नाही?" बाईला हसू आलं. "तुमच्या हातावरून समजेल." आई म्हणाली, "राहू द्या मंग. पन यांचं रडगाणं कमी करा."

धंद्याला बाधलंच. फिल्म शहरात दाखवली गेल्यावर दोन लग्नघरांनी दुसरा आचारी बघितला. त्या उन्हाळ्यात बाकं रिकामी असायची, आणि आई तुमच्याशी कामापुरतंच बोलायची. कोणीतरी मागून "बिननाकाचा आचारी" म्हणालं, ते तुम्ही ऐकलंत आणि हसलात. मला हसता आलं नाही. पावसाळा संपता संपता कोराडीची मंडळी परत यायला लागली. नंदनवन वसाहतीत नवी घरं होत होती, तिथल्या एका वास्तूच्या स्वयंपाकाचं बोलावणं आलं, आणि बोलवायला आलेला माणूस तुमच्याशी नाही, आत जाऊन आईशी बोलला. तुम्ही बाहेर बसून कांदे सोलत होता. मी तुमच्या तोंडाकडे बघितलं होतं. कांद्याने डोळ्यांत पाणी येतं, त्यावरून काही सांगता येत नाही.

पण त्यानंतर तुम्ही एक करायला लागलात. जन्मात तुम्ही कुणाला जेवण कसं झालं म्हणून विचारलं नव्हतं. आता वाढून झालं की गिऱ्हाइकाशेजारी बाकावर बसायचात. "सांग गा, कसं लागून राहिलं?" मस्त, असं तो म्हणाला की तुमचं समाधान व्हायचं नाही. "मस्त नको, नीट सांग. पहिले काय लागते?" मग एखादा वेल्डर, घास हातात धरून, डोळे बारीक करून सांगायचा की पहिले लवंग, मागून कांद्याचा गोडवा, आणि घशात गेल्यावर मिरी. तुम्ही मान हलवत ऐकायचात, रेडिओवर क्रिकेट ऐकावं तसं.

तुम्ही ते कॅमेऱ्यासमोर का सांगितलंत, याची मी वेगवेगळ्या वयात वेगवेगळी कारणं धरली. आधी वाटायचं, आईला मान मिळावा म्हणून. नंतर वाटलं, लपवून लपवून तुम्ही थकला होता. तुमच्यामागे आई गेली त्या वर्षी तर वाटलं की त्या दिवशी तिला बाहेर काढल्याचा तुम्हाला राग आला होता, बस. परवा आणखी एक गोष्ट दिसली. आईने सराटा हिसकावल्यावर तुम्ही मागे सरकता, भिंतीला टेकता. कॅमेरा आता आपल्यावर नाही असं तुम्हाला वाटतं, पण तुम्ही चित्राच्या कडेला आहात. तुम्ही डोळे मिटता आणि नाकाने एक लांब श्वास घेता. थांबता. आणि पुन्हा घेता. मी त्या मुलीला तिथे फिल्म थांबवायला सांगितली. ती विचारत होती काय झालं.

शेवटच्या वर्षी तुम्ही अंथरुणावर होता तेव्हा मला विचारायचात, "तुले तं दोन्ही माहीत हाये. खरं सांग, माझ्यासारखा होते काय इचा रस्सा?" मी म्हणायचे, अगदी तुमच्यासारखा, बाबा. तुम्ही बरं वाटून कुशीवर वळायचात.

तसा तो नव्हता. मला आईचाच जास्त आवडायचा, पहिल्या दिवसापासून. तुम्ही हे पत्र वाचणार असता, तर एवढं मी लिहिलं नसतं.